परत देण्याची खूण

मे महिन्यातल्या एका दुपारी नानांच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर चौऱ्याऐंशी हा आकडा दिसला. सकाळी तो त्र्याण्णव होता. मी चिमटा त्यांच्या दुसऱ्या बोटाला लावून पाहिला, मग माझ्या बोटाला. माझा अठ्ठ्याण्णव आला. म्हणजे चिमटा बरोबर होता.

नाना म्हणजे माझे वडील, मल्लेशम गड्डम. सोलापूरच्या एका सूतगिरणीत त्यांनी तेहतीस वर्षं जॉबरचं काम केलं. बिघडलेला साचा पुन्हा चालू करून देणं हे जॉबरचं काम. त्या वर्षांतली कापसाची धूळ त्यांच्या छातीत बसली ती बसलीच. आता ते दिवसाचे अठरा तास नाकाला नळी लावून असतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. खोलीतली हवा ओढून घ्यायची, त्यातला नायट्रोजन अडवायचा आणि उरलेला ऑक्सिजन नळीत सोडायचा, एवढंच ते करतं. नाना त्याला मुकादमीण म्हणतात. दिवसभर बडबडते पण खाडा करत नाही, असं त्यांचं तिच्याबद्दलचं मत आहे.

त्या दुपारी मुकादमीण चालू होती. पडद्यावर हिरवा दिवा होता, धोक्याची शिट्टी वाजत नव्हती. फक्त तिचा आवाज थोडा खाली उतरला होता. मी नळी कोपऱ्यातल्या राखीव सिलिंडरला जोडली. दहा मिनिटांत आकडा ब्याण्णववर गेला. नानांचे श्वास मला नीट ऐकू येईनात म्हणून मी पलीकडच्या खोलीतला कूलर बंद केला. त्याच क्षणी मशीनचा आवाज वर चढला.

मी कूलरच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले. दुसऱ्या कुणाला हा योगायोग वाटला असता. मला तो वाटू शकत नव्हता, कारण कूलर आणि मशीन यांच्यामध्ये जे बोलणं चालतं ते मीच लिहिलेलं आहे.

हे समजावून सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांमधली वीज बदलली. छपरावर सौर पॅनेल आले, जिन्याखाली बॅटरी आली आणि भिंतीतल्या तीन भोकांच्या जागी सगळीकडे एकच लहान लांबट भोक आलं, पूर्वी फोनच्या चार्जरला असायचं तेच, यूएसबीचं. आता पंखा, फ्रिज, कूलर सगळे त्यालाच लागतात. या सगळ्यांच्या मुळाशी एक पेटी असते. बॅटरीतली वीज कुणाला किती द्यायची ते ती ठरवते.

ठरवते म्हणजे बोलून ठरवते. केबलमध्ये वीज वाहणाऱ्या जाड तारांच्या शेजारी एक बारीक तार असते, केवळ बोलण्यासाठी. उपकरण जोडलं की पेटी आधी आपल्याकडे काय आहे ते सांगते: पाच व्होल्ट आहेत, वीस आहेत, अठ्ठेचाळीस आहेत, प्रत्येकावर इतकी इतकी वीज. उपकरण त्यातलं एक मागतं. पेटी म्हणते, मंजूर. थोड्या वेळाने म्हणते, तयार आहे, घ्या. तोपर्यंत जाड तारांमधून फक्त जागं राहण्यापुरती वीज जाते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.

मागणीच्या त्या निरोपात उपकरणाला आणखी एक खूण करता येते: परत देता येईल. ही खूण केलेल्या उपकरणाला पेटी अडचणीच्या वेळी सांगू शकते की, आता कमीत कमीवर या. ते मुकाट्याने येतं, आणि सुटलेली वीज दुसऱ्याला मिळते. चार्ज होणाऱ्या फोनने ही खूण करावी, त्याचं काही बिघडत नाही. उन्हाने बॅटरी तापली की ती स्वतःला जपण्यासाठी हात आखडता घेते. अशा वेळी कूलर सुरू झाला तर फोन मागे सरतो. शंभर घरांच्या वसाहती या एका खुणेवर चालतात.

पेटीच्या बाजूने हे बोलणं करतो तो ड्रायव्हर. तो पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये असतो. हा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातले लोक त्यात दुरुस्त्या पाठवतात, आणि प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. त्याने हो म्हटल्याशिवाय दुरुस्ती आत जात नाही. पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत आणि सगळा जगासमोर. वीजवाटपाच्या ड्रायव्हरची राखणदार गेली सहा वर्षं मी आहे. वारिजा गड्डम, सोलापूर.

मी आमच्या पेटीतली नोंद उघडली. दोन वाजून तीन मिनिटांनी कूलरने वीज मागितली होती. पेटीकडे पुरेशी नव्हती. तिने खूण केलेलं उपकरण शोधलं आणि त्याला कमीत कमीवर यायला सांगितलं. पंधरा मिलिसेकंदांत ते आलं. ते उपकरण म्हणजे नानांचं मशीन.

ऑक्सिजनच्या मशीनने ही खूण करावी याला काही अर्थ नव्हता. बहुधा कंपनीतल्या कुणीतरी चिपबरोबर आलेला नमुन्याचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला होता. तो नमुना फोनसाठी लिहिलेला. शिट्टी वीज गेली तरच वाजणार होती, आणि वीज गेलेलीच नव्हती. कमी वीज, मंद मोटर, नळीतून हवा तेवढीच, फक्त त्यातला ऑक्सिजन निम्मा. ती कंपनीही आता बंद पडली आहे.

मग मला आठवलं की हे मी आधी कुठेतरी वाचलेलं आहे.

पत्रं शोधायला एक मिनिटही लागलं नाही. साधारण एक वर्षापूर्वीची, तीन. पाठवणाऱ्याचं नाव परसराम वाकळे, खाली सही: वाकळे मोबाईल रिपेरिंग, सेनगाव, जिल्हा हिंगोली, आणि फोन नंबर. त्याने लिहिलं होतं की, या मशीनचं नाव यादीत घाला.

ही यादी म्हणजे ज्यांच्या बोलण्यावर विसंबायचं नाही अशा उपकरणांची नोंद. प्रत्येकाचा क्रमांक आणि पुढे त्याची खोड. मला ती यादी आवडत नाही. उपकरणं चुकीचं बोलायला लागली तर ती बनवणाऱ्यांनी सुधारावीत, ड्रायव्हरने पांघरूण घालू नये, असं मी म्हणायची. माझ्या काळात ती यादी वाढली नाही याचा मला अभिमान होता.

पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं होतं की, दुरुस्ती नियमाप्रमाणे मांडलेली नाही, ओळींच्या सुरुवातीच्या जागा चुकल्या आहेत, पुन्हा पाठवा. त्याने दोन दिवसांनी नीट करून पाठवली. दुसऱ्या पत्राला मी लिहिलं होतं की, पुरावा म्हणून पेटीतल्या नोंदींचा पूर्ण लॉग हवा. शिवाय परत देता येईल असं उपकरण स्वतःच सांगतं आहे, आणि आम्ही उपकरणावर विश्वास ठेवतो. तिसरं पत्र एवढंच होतं: मॅडम, परत देता येईल असं मशीन म्हणतं. पेशंट म्हणत नाही.

याला मी उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा मला त्यात तांत्रिक असं काही दिसलं नव्हतं.

आम्ही घरात तेलुगू बोलतो, पण गिरणीचा विषय निघाला की नाना मराठीवर येतात. त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“किती वेळा लिहिलं म्हणलीस त्यानं?”

“तीनदा.”

“आणि तू?”

“दोनदा.”

त्यांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, “साच्याचा आवाज बदललाय म्हणून कामगार सांगत आला, की आम्ही आधी साच्यावर हात ठेवायचो गं. खोटं बोलत असंल तर मग शिव्या द्यायला दिवस पडलाय.”

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रोज दुपारी मी चिमटा लावायला गेले की ते हात पुढे करत, पण माझ्याकडे न बघता.

नानांचं मशीन दुसऱ्या आवृत्तीचं होतं. त्याचा क्रमांक माझ्याकडे होता, त्याची दुरुस्ती मी त्याच दिवशी लिहिली. पण पहिल्या आवृत्तीची काही हजार मशीन आणखी कुठे कुठे होती, आणि त्यांचा क्रमांक वेगळा. यादी क्रमांकावर चालते. कंपनी नाही, कागद नाहीत. वाकळ्यांचं मशीन पहिल्या आवृत्तीचं, पण त्यांनी दुरुस्तीत क्रमांकाच्या जागी फक्त मशीनचं नाव घातलं होतं, आणि क्रमांक मी तेव्हा विचारलाच नव्हता. सगळ्याच उपकरणांची खूण झुगारून द्यावी तर वसाहतींचं वाटपच कोलमडणार. उन्हाळ्याचा महिना उरला होता आणि दर दुपारी कुठे ना कुठे कूलर सुरू होत होते.

मी सेनगावला फोन लावला. मी कोण ते सांगितलं. मग परसराम वाकळे म्हणाले की मशीन त्यांच्या बहिणीचं होतं, ती गेली, मशीन सरकारी योजनेतलं असल्यामुळे परत नेलं गेलं. पेटी मात्र त्यांनी काढून ठेवली होती. तिच्यात क्रमांक असणार. चालू करून मात्र चालणार नव्हतं, चालू झाली की नव्या नोंदी जुन्यांवर चढतात. मी म्हणाले, चिपमधून तशीच वाचता येईल, मी येते.

“या,” ते म्हणाले. “पण नंबर घ्या अन् बंद करा. पुढचं वाचू नका. तेवढा शब्द द्या.”

मी शब्द दिला.

शेजारच्या लक्ष्मीबाईंना नानांजवळ बसवून मी पहाटेची एसटी धरली. सेनगावला पोचेपर्यंत दुपारचे दोन झाले. दुकान बसस्टँडच्या मागे होतं. वाकळे पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात बारीक पेचकस. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला. मी ज्याची तयारी करून आले होते तो राग कुठे दिसेना. फक्त ते मला मॅडम म्हणत होते, आणि दर वेळी तो शब्द मला तिसऱ्या पत्रातल्यासारखा ऐकू येत होता.

त्यांच्या आक्काचं नाव गयाबाई. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करायला होती, वीस वर्षं. तिलाही धूळच नडली. विधवा होती, मुलासह भावाच्या घरीच राहत होती. फ्रिज सुरू झाला की आक्का कोमेजते, हे वाकळ्यांनी एका आठवड्यात हेरलं. कारण शोधलं, दुरुस्ती लिहिली, पण स्वतःच्या पेटीत घालू शकले नाहीत. सुरक्षेसाठी पेटी फक्त सही झालेली आवृत्तीच चढवून घेते. सही माझ्या होकारानंतर होते. मग त्यांनी फ्रिज बंद केला. कूलर बंद केला. पंचेचाळीस अंशांत घरातले सगळे घाम पुसत बसले.

“अकरा मेला आक्का म्हणली, परश्या, घटकाभर लाव रे कूलर, अंग भाजायलंय,” ते सांगत होते. “मी म्हणलं पंधरा मिनिटं लावतो, बाजूला बसून राहतो. बसलो. गिऱ्हाईक आलं म्हणून पुढं आलो. परत गेलो तर…” त्यांनी खिशातला पेचकस काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. “डॉक्टर म्हणले, फुप्फुसं संपलीच होती, आज नाहीतर उद्या. असंल. पण सुदाम तसं म्हणत नाही.”

सुदाम हा आक्काचा मुलगा, ट्रॅक्टर चालवतो. मामाने कूलर लावला आणि आईचं मशीन दाबलं, एवढंच तो बोलला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळी खोली घेऊन निघून गेला. वर्षभर मामाशी बोललेला नाही. सात मिनिटांच्या वाटेवर राहतो.

मी पेटी उघडली. चिपवर माझं वाचायचं यंत्र बसवलं, लॅपटॉपला जोडला. नोंदी उलगडायला लागल्या. सुरुवातीलाच मशीनने पेटीला दिलेली स्वतःची ओळख होती: कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, आवृत्ती. मी तीनदा ताडून तो वहीत उतरवला आणि फाइल बंद केली.

“झालं?” वाकळ्यांनी विचारलं. ते माझ्याकडे पाठ करून एका फोनची काच बसवत होते.

“झालं.”

“वाचलं नाही ना पुढं?”

“नाही.”

काच बसली. त्यांनी ती रुमालाने पुसली, फोन उलटासुलटा करून पाहिला, खाली ठेवला. मग वळले.

“आता वाचा,” ते म्हणाले. “मला वर्षभर जमलं नाही. तुम्हाला जमतं का बघा.”

मी फाइल पुन्हा उघडली आणि अकरा मेपर्यंत गेले. तिथे जे होतं ते वाचायला मला कुणाची मदत लागत नाही. त्या निरोपांची भाषा मी रोज वाचते. दोन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी कूलरची मागणी. पुढच्याच ओळीत मशीनला निरोप: कमीत कमीवर या. त्याच्या पुढच्या ओळीत मशीनचं उत्तर: आलो. मग बराच वेळ काही नाही. मग तीन वाजून एकतीस मिनिटांनी कूलर बंद झाला, मशीनला पूर्ण वीज पुन्हा देऊ केली गेली. मशीनने ती घेतली. तेव्हा ऑक्सिजन घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

“किती वेळ?” वाकळ्यांनी विचारलं.

वाटेत एसटीमध्ये मी स्वतःला सांगून आले होते की काही विचारलं तर नोंद पुसली गेली आहे असं सांगायचं. माझ्या क्षेत्रात याहून सोपं खोटं नाही. दुसऱ्या कुणाला तपासताही आलं नसतं. पण हा माणूस तपासू शकत होता, आणि कधीतरी तपासणार होता, आणि तेव्हा तो एकटा असणार होता.

“बावन्न मिनिटं,” मी म्हणाले.

ते स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग दुसरा.

“मी सगळ्यांना पंधराच सांगितली,” ते म्हणाले. “मला वाटायचं, पंधराच असतील. गिऱ्हाईक साधं होतं. चार्जिंगचं.”

“वाकळे साहेब,” मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य मी मनात आधी जुळवलेलं नव्हतं, “तुमची दुरुस्ती बरोबर होती. मी आता जी पाठवणार आहे तीही तुमचीच आहे, फक्त क्रमांक भरलाय, बाकी अक्षरसुद्धा बदललेलं नाही. ती मी तेव्हा घेतली असती तर दोन आठवड्यांत तुमच्या पेटीत आली असती. मग कूलर पंधरा मिनिटं चालला असता की बावन्न, की दिवसभर, आक्कांच्या मशीनला काही कळलं नसतं. ही मिनिटं तुमची नाहीत. माझी आहेत.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणता का?”

“नाही. असं आहे म्हणून म्हणते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. सोल्डरचा वास येत होता. चहा तसाच राहिला होता, त्यावर साय धरली होती.

“मग हे लिहा,” ते म्हणाले. “जिथं मला उत्तर दिलं होतं, तिथंच. सगळ्यांना दिसंल असं. अन् मराठीत लिहा. सुदामला इंग्रजी येत नाही.”

मी म्हणाले, लिहिते, मिनिटं घालायची गरज नाही, दुरुस्तीला ती लागत नाहीत.

“नाही,” ते म्हणाले. “बावन्न लिहा. मी त्याला खोटं सांगितलंय. ते तसंच ठेवून तुमच्या आड उभं राहायचं नाही मला.”

परतीच्या एसटीत बसण्याआधी, दुकानातच, मी ते लिहिलं. पहिल्या भागात दुरुस्ती, तिच्याखाली परसराम वाकळे हे नाव, लेखक म्हणून. दुसऱ्या भागात मराठी. त्या पत्रव्यवहारात तोवर कुणी देवनागरीत काही लिहिलं नव्हतं. अकरा मेच्या नोंदीतल्या चार ओळी मी सोप्या भाषेत मांडल्या. मग लिहिलं की, ही चूक दाखवणारं पत्र त्याआधी तीन आठवडे माझ्याकडे आलं होतं, मी ते जागा चुकल्या म्हणून आणि पुरावा अपुरा म्हणून परत पाठवलं, आणि शेवटच्या पत्राला उत्तरच दिलं नाही. श्रीमती गयाबाईंना बावन्न मिनिटं पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही याचं कारण घरातल्या कुणाचा हात नव्हे, माझा नकार. खाली माझं पूर्ण नाव.

वाकळ्यांनी ते सावकाश वाचलं आणि मान हलवली.

दुरुस्ती नऊ दिवसांत सगळीकडे पोचली. त्या पत्राला एकच उत्तर आलं. फिनलंडच्या एका सहकाऱ्याने विचारलं की खालचा मजकूर काय आहे, भाषांतर मिळेल का. मी ते केलं आणि पाठवलं. त्यानंतर कुणीही काही लिहिलं नाही. मी राखणदारी सोडावी असंही कुणी म्हणालं नाही. सोडावी का, हा विचार मी रोज करते. मग नवीन पत्रं येतात. चुकलेल्या जागांची, अपुऱ्या पुराव्यांची. आता मी आधी सहीखालचा फोन लावते. कामाला दुप्पट वेळ लागतो.

नानांना मी ते पत्र वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं की तो भाचा गेला का मामाकडे. मी म्हणाले, माहीत नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वाकळ्यांचा फोन आला. सुदामच्या एका मित्राने त्याला पत्र फोनवर दाखवलं होतं. ट्रॅक्टर बाजूला घेऊन त्याने ते दोनदा वाचलं म्हणे.

“मग?” मी विचारलं.

“आला नाही अजून.”

येईल, असं म्हणायची वेळ होती. माझ्याकडे तसं म्हणायला काही आधार नव्हता, म्हणून मी ते टाळलं. त्यांच्या मागे कुणीतरी स्क्रीनगार्ड आहे का म्हणून विचारत होतं.

“तुमच्या वडिलांचं मशीन बदललं का मॅडम?” त्यांनी विचारलं.

“नाही. तेच आहे. आता कूलर लावला तरी खाली येत नाही.”

“चिमट्यावर किती दाखवतं?”

“ब्याण्णव. कधी त्र्याण्णव.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “लई बरं झालं.”

ते मनापासून म्हणत होते. मी फोन ठेवला आणि बराच वेळ नानांच्या खोलीत गेले नाही.